ब्रेकअप जास्त कोणाला लागतो?

आमच्या कॅन्टीनमध्ये एक वाद कधी संपतच नाही. मुली म्हणतात, मुलगे नुसता टाईमपास करतात; मुलगे म्हणतात, मुलींना काही वाटतच नाही. यावर कोणी खरंच मोजमाप केलंय का हे शोधताना एक जुना अभ्यास सापडला.

झिक रुबिन, अ‍ॅन पेप्लाव आणि चार्ल्स हिल या संशोधकांनी १९७२ पासून अमेरिकेत बोस्टन भागातल्या कॉलेजांमधल्या २३१ जोडप्यांचा दोन वर्षं अभ्यास केला. प्रश्नावली दोघांनी वेगवेगळी भरायची होती (आपल्या सबमिशनसारखं बघून लिहायचं नाही!). दोन वर्षांत १०३ जोड्या तुटल्या, आणि त्याही बऱ्याचशा टर्म सुरू होताना किंवा संपताना.

निष्कर्ष मात्र कॅन्टीनमध्ये कोणालाच पटणार नाहीत. प्रेमात लवकर पडत होते ते मुलगे. नात्यात काय बिघडतंय हे मुलींना आधी दिसायचं आणि तोडायचा पुढाकारही जास्त वेळा त्यांचाच. नंतर जास्त उदास आणि एकटे पडायचे तेही मुलगेच. काहींचा तर तिचं आता आपल्यावर प्रेम नाही यावर विश्वासच बसेना.

रुबिन यांचं एक स्पष्टीकरण मला पटलं. त्या काळी मुलीचं पुढचं राहणीमान नवऱ्यावर ठरायचं, त्यामुळे तिला विचार करणं भागच होतं. रोमँटिक होणं मुलाला परवडायचं.

आपल्याकडे हिशोब अजून कडक. दोघं बसस्टॉपवर दिसले आणि घरी कळलं, तर त्याला फार तर ओरडा बसतो. माझ्या एका मैत्रिणीचं होस्टेलच सुटलं. सेकंड इयरची परीक्षा तिने घरून ये-जा करून दिली, तीही भावाच्या बाईकवर. मग एखादी 'हो' म्हणायला सहा महिने लावते, तेव्हा मुलगे म्हणतात, भाव खाते.

२०१० मध्ये रॉबिन सायमन आणि अ‍ॅन बॅरेट यांनी फ्लोरिडातल्या तरुण-तरुणींवर केलेल्या अभ्यासात चित्र थोडं बदललं: नातं तुटल्याचा परिणाम मुलींवर जास्त, आणि चालू नात्यातल्या कटकटींचा मुलांवर जास्त. सायमन यांच्या मते मुलींना मन मोकळं करायला मैत्रिणी असतात. मुलाला बहुतेक वेळा ती एकटीच असते.

हे वाचताना आमच्या प्रॅक्टिकल बॅचमधला एकजण आठवला. ब्रेकअपनंतर आठवडाभर त्याची सगळी रीडिंग्ज चुकत होती. आम्ही त्याच्याकडे पार्टी मागितली होती.