पाकिटातलं शेवटचं पान

हरसूलच्या पेठेत माझं झेरॉक्सचं दुकान आहे. दवाखान्याचे कागद रोज माझ्या हातातून जातात. तरीही एप्रिल २०२१मध्ये माझ्या बावीस वर्षांच्या बहिणीला सहा दिवसांत दोनदा सीटी स्कॅनमधून जावं लागलं, ते माझ्याच घाईमुळे.

तिला कोरोनाचा ताप येऊन दुसराच दिवस होता. ऑक्सिजन ९७, धाप अजिबात नाही. पण २१ एप्रिलला नाशिकच्या झाकिर हुसेन रुग्णालयात ऑक्सिजनगळतीची दुर्घटना झाली आणि आमच्या घरात कुणाला झोप लागेना. कुणी तरी म्हणालं, सीटी करून छातीचा स्कोअर काढून घ्या. जीप केली, वाघेरा घाटातून नाशिक गाठलं. स्कोअर आला पंचवीसपैकी शून्य. दुसऱ्या दिवशी दुसरं काय येणार होतं? विषाणूचे डाग छातीत दिसायला बरेचदा काही दिवस जातात, त्यामुळे इतक्या लवकर काढलेला स्कॅन स्वच्छ आला तरी त्यावर विसंबता येत नाही. सहाव्या दिवशी खोकला वाढला म्हणून दुसऱ्या सेंटरवर पुन्हा स्कॅन केला. ऑक्सिजन तेव्हाही ९६ होता. पहिली सीडी घरीच राहिली होती. स्कोअर आला चार, आणि गोळ्या होत्या त्याच चालू राहिल्या. म्हणजे दोन्ही स्कॅनमुळे उपचारात काडीचा फरक पडला नाही.

मे महिन्याच्या सुरुवातीला एम्सचे डॉ. रणदीप गुलेरिया यांनी सांगितलं की एका सीटीत छातीच्या ३०० ते ४०० एक्स-रेइतके किरण लागतात. माझ्या पोटात गोळा आला. लगेच रेडिओलॉजिस्टांच्या संघटनेनं उत्तर दिलं की नव्या मशीनवर कमी डोसचा स्कॅन पाच-दहा एक्स-रेइतकाच असतो. खरं कुणाचं, हे मला महिनाअखेरीस आईच्या वेळी उमगलं.

आईचा ऑक्सिजन ८९वर आला, डॉक्टरांनी तपासून स्कॅन लिहून दिला. या वेळी मी टेक्निशियनला विचारलं, ‘कमी डोसवर होईल का?’ तो म्हणाला, ‘छातीत हवा असते, त्यामुळे चित्र थोडं रवाळ आलं तरी न्यूमोनियाचे डाग दिसतात.’ त्यानं आईला टेबलाच्या बरोबर मध्यावर झोपवलं, हात डोक्यावर घ्यायला लावले. हात अंगाशी राहिले तर किरणांना त्यातूनही वाट काढावी लागते आणि मशीन डोस वाढवतं. गळ्यातली पोत काढून माझ्या मुठीत दिली. मग म्हणाला, ‘मावशी, श्वास भरा, धरा, सोडा.’ आईला खोकला यायचा. तिला नीट जमेपर्यंत तीनदा नुसता सराव करून घेतला. कारण मधेच हललं तर स्कॅन पुन्हा करावा लागतो, म्हणजे डोस दुप्पट. किरण फक्त फुप्फुसाच्या टोकापासून तळापर्यंत गेले, पोटावर नाहीत. निदान झालं, उपचार ठरले, आई घरी आली.

घरी येऊन तिन्ही पाकिटं उघडली. त्यात डोसच्या तक्त्याचं एक पान असतं, त्यावर डीएलपी नावाचा आकडा. बहिणीचे ४६२ आणि ४३७. आईचा ८८. छातीच्या स्कॅनसाठी या आकड्याला ०.०१४नं गुणलं की किरणांचा डोस अंदाजे मिलीसिव्हर्टमध्ये मिळतो: बहिणीला एका वेळी सहाच्या आसपास, आईला सव्वा. म्हणजे स्कॅन कसा काढला, यावर सगळं ठरतं. निसर्गातून माणसाला वर्षाकाठी सरासरी २.४ मिळतात. बहिणीच्या दुसऱ्या स्कॅनच्या चित्रात तर मूत्रपिंडंही दिसत होती. न्यूमोनियासाठी त्यांचं काय काम?

एका स्कॅननं कुणाला कॅन्सर होतो असं नाही. धोका लहान आहे. पण तो साठत जातो आणि कोवळ्या वयात जास्त लागतो, मुलींच्या छातीला तर अधिकच. म्हणून माझं कळकळीचं सांगणं: स्कॅन लिहून दिला की डॉक्टरांना आधी विचारा, यानं औषध बदलणार आहे का? जुनी सीडी सोबत न्या. दिवस गेल्याची शंका असेल तर टेबलावर चढण्याआधीच सांगा. स्कॅन झाला की डोसचं पान मागून घ्या. आणि धाप लागत असेल, ऑक्सिजन उतरत असेल, तर किरणांच्या भीतीनं पाय मागे घेऊ नका. आईला मी उशीर केला असता तर?

सरकारनं तेव्हा सीटीचे दर मशीनप्रमाणे दोन ते तीन हजारांवर बांधले होते. दराचा फलक मी वाचला, घासाघीसही केली. डोसबद्दल मात्र एक शब्द विचारला नाही, ही बोच अजून आहे.

आता दुकानात कुणी स्कॅनचं पाकीट घेऊन आलं की मी डोसच्या पानाची एक जादा प्रत काढतो, पैसे घेत नाही. पाकिटावर पेनानं तारीख आणि डीएलपी लिहून देतो. घरच्या तिन्ही पाकिटांवर तसंच लिहिलंय. गेल्या पावसाळ्यात बहीण खोकल्यासाठी दवाखान्यात गेली, तेव्हा ती दोन्ही पाकिटं तिनं आपणहून पिशवीत घातली.