इंजिनाची शक्ती वाढली, हमी का गेली?

भंडाऱ्याहून पवनीला जाताना अड्याळ लागते. अशा गावातल्या गॅरेजात जुन्या स्कूटरचे ‘ट्यूनिंग’ चाललेले तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिले असेल. मेकॅनिक कार्बोरेटरचा स्क्रू पेचकसाने किंचित फिरवतो, कान देऊन ऐकतो, पुन्हा फिरवतो. आवाज एकसारखा झाला की काम संपले. बिघडलेला मेळ पुन्हा जुळवायचा, एवढाच त्याचा हेतू.

आजच्या मोटारीत कार्बोरेटर नाही. त्याची जागा इंधन फवारणाऱ्या नळ्यांनी आणि एका छोट्या संगणकाने घेतली आहे. किती पेट्रोल सोडायचे आणि ठिणगी कधी पाडायची, यांचे तक्ते त्या संगणकात साठवलेले असतात. आता ट्यूनिंग म्हणजे हे तक्ते बदलून कारखान्याने ठरवलेल्यापेक्षा अधिक शक्ती काढणे. करून देणारा म्हणतो, “भाऊ, गाडी उडेल पाहा!” कंपनीने दिलेली हमी, म्हणजे वॉरंटी, मात्र त्यामुळे धोक्यात येते. असे का? कागद नंतर पाहू. आधी सिलिंडरात डोकावू.

दट्ट्या हवा आणि पेट्रोलचे मिश्रण दाबत वर येतो. ठिणगी मात्र तो अगदी वर पोहोचण्याच्या थोडी आधीच पडते. कारण मिश्रण एकदम पेटत नाही. ज्योत पसरायला वेळ लागतो. हा वेळ 2 मिलिसेकंद धरू. इंजिन मिनिटाला 3,000 फेरे घेत असेल तर सेकंदाला 50 झाले, म्हणजे एका फेऱ्याला 20 मिलिसेकंद. तेव्हा ज्योत पसरेपर्यंत क्रँकदंड 36 अंश फिरलेला असतो! म्हणूनच ही आगाऊ ठिणगी. ट्यूनिंग करणारा तिला आणखी काही अंश पुढे ओढतो. टर्बो असेल तर आत ढकललेल्या हवेचा दाबही वाढवतो. शक्ती वाढते, हे खोटे नाही.

पण ठिणगी फारच आधी पडली तर दट्ट्या वर येत असतानाच दाब भलताच चढतो. कोपऱ्यात उरलेले मिश्रण ज्योत पोहोचण्यापूर्वी आपोआप पेट घेते आणि धातूवर हातोडी मारल्यासारखी ठकठक ऐकू येते. यालाच ‘नॉकिंग’ म्हणतात. ते चालू राहिले तर दट्ट्याला भेगा पडू शकतात. आत येणारी हवा जितकी तापलेली, तितका हा धोका अधिक. आपल्या भागात मे महिन्यात पारा 45 अंश सेल्सिअसच्या आसपास जातो. त्यात गाडी भरलेली, चढ लागलेला, पेट्रोल हलके. अशा वाईट दिवसासाठी कारखान्याने थोडी जागा राखून ठेवलेली असते. ट्यूनिंगमध्ये पुष्कळदा नेमकी हीच राखीव जागा खर्ची पडते. गाडी लगेच बिघडत नाही, म्हणून मालकाला ते जाणवत नाही.

हा दाब असतो तरी किती? दट्ट्याचा व्यास 7.4 सें. मी. असेल तर त्याचे क्षेत्रफळ सुमारे 43 चौ. सें. मी. भरते. ज्वलनाचा कमाल दाब दर चौ. सें. मी.ला 50 किलो धरला, तर दट्ट्यावर 2,150 किलो भार येतो. साडेएकवीस क्विंटल धान एका मुठीएवढ्या दट्ट्यावर! तोही 3,000 फेऱ्यांच्या वेगाला प्रत्येक सिलिंडरात सेकंदाला 25 वेळा.

हा जोर इंजिनात थांबत नाही, तो गिअरबॉक्सकडे जातो. आपल्याच जिल्ह्यात गडेगावला अशोक लेलँडचा कारखाना आहे, तिथे ट्रकचे गिअरबॉक्स तयार होतात. गिअरबॉक्स नेहमी ठरावीक जोरासाठी आखलेला असतो. त्यातील बॉल बेअरिंगचा एक नियम लक्षात ठेवण्याजोगा आहे. त्याचे आयुष्य भाराच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात असते. भार सव्वापट झाला तर 1.25 × 1.25 × 1.25 = 1.95. म्हणजे सतत तोच भार राहिल्यास आयुष्य जवळजवळ निम्मे! शक्ती पाव पट वाढली, तर झीज पाव पटच वाढेल, असा जो आपला अंदाज असतो तो इथे साफ चुकतो.

आता हमीकडे वळू. अमुक वर्षे किंवा अमुक किलोमीटर, असे कंपनी लिहून देते ते चाचण्यांच्या जोरावर. गाडीचा नमुना बाजारात येण्यापूर्वी पुण्याच्या एआरएआय (स्थापना 1966) यांसारख्या संस्थांकडे तपासला जातो. हे सगळे गणित मूळ तक्त्यांवर बसवलेले असते. तक्ते बदलले की गणितातला भारच बदलला. म्हणून फेरबदलामुळे झालेला बिघाड हमीत बसत नाही, असे कलम हमीपत्रात बहुधा असते. मूळचा तक्ता परत भरून ठेवला तरी सुटका नाही. संगणकात किती वेळा लिहिले गेले याची नोंद अनेक गाड्यांत राहते.

मग सगळीच हमी जाते का? भारतीय स्पर्धा आयोगाने 2014 साली 14 मोटार कंपन्यांविरुद्ध एक निर्णय दिला. तो होता बाहेरच्या गॅरेजात केलेल्या दुरुस्तीबद्दल. बाहेर दुरुस्ती केली एवढ्यावरून सरसकट हमी रद्द करू नये, सदोष कामामुळे जेवढे नुकसान झाले तेवढ्यापुरतीच ती नाकारता येईल, असे त्यात म्हटले होते. पुढे त्यावर अपिलेही झाली. ट्यूनिंग ही दुरुस्ती नव्हे, हे खरे. पण ‘कशामुळे काय बिघडले’ हे आधी पाहावे, ही त्यातली विचारपद्धती मला शास्त्रीय वाटते.

शिवाय मोटार वाहन कायदा, 1988 आहेच. नोंदणीपुस्तकातला तपशील बनावटीच्या मूळ तपशिलापासून वेगळा ठरेल असा बदल गाडीत करण्यास त्याचे कलम 52 मनाई करते. हा प्रश्न हमीपासून वेगळा. पण गाडीचा मालक तोच असतो.

वर्गात करून पाहा : ट्यूनिंग केलेल्या एका गाडीत तीन बिघाड झाले. दट्ट्याला भेग पडली, गिअरबॉक्समधले बेअरिंग झिजले आणि मागच्या दाराची काच वर जाईना. यांपैकी कोणता बिघाड ट्यूनिंगमुळे झाला असे म्हणता येईल, आणि ते सिद्ध करायला काय तपासावे लागेल? निम्म्या मुलांनी कंपनीची बाजू घ्यावी, निम्म्यांनी मालकाची. बेअरिंगवरचा भार 40 टक्क्यांनी वाढला होता असे धरा आणि त्याचे आयुष्य किती उरले ते आधी फळ्यावर काढा.