१७२९ : एका संख्येचे भाषांतर

तंजावूर जिल्ह्यातील कुंभकोणम् येथे शिकलेल्या श्रीनिवास रामानुजन (१८८७–१९२०) यांनी प्रा. हार्डी यांना सांगितलेला १७२९ चा विशेष सुपरिचित आहे : दोन धन पूर्णांकांच्या घनांची बेरीज म्हणून दोन प्रकारे मांडता येणारी ही लहानात लहान संख्या होय (१³ + १२³ = ९³ + १०³).

देवळालीचे द. रा. कापरेकर (१९०५–१९८६) यांनी, स्वतःच्या अंकांच्या बेरजेने निःशेष भागल्या जाणाऱ्या संख्यांना ‘हर्षद’ असे नाव दिले. १ + ७ + २ + ९ = १९ आणि १९ × ९१ = १७२९; अर्थात् ही संख्या हर्षदही आहे.

परंतु हे दोन गुणधर्म एका जातीचे नव्हेत. पहिला संख्येचा आहे. दुसरा तिच्या दशमान लेखनाचा. द्वादशमान पद्धतीत हीच संख्या १००१ अशी लिहिली जाते. तेथे अंकांची बेरीज २ येते आणि विषम संख्येस २ ने भाग जात नाही, हर्षदत्व लोपते. उलट, १२³ + १ ही घडण लेखनातच उघड होते.

तंजावूरच्या मराठी दरबारात मराठी, तमिळ, तेलुगू व संस्कृत एकत्र नांदल्या. तेथील वाङ्मयाच्या अभ्यासकास हा अनुभव नवा नाही : भाषांतरात श्लेष हरपतो, आशय टिकतो आणि क्वचित् मुळात झाकलेले काही प्रकट होते. म्हणून कोणताही गुण वर्णिताना तो वस्तूचा की लेखनाचा, हे आधी ठरवावे.