सुरुवात सिग्नलच्या पेटीपासून

गाड्यांशी रेडिओवरून बोलणारा सिग्नल बसवायचा ठरला की सगळे आधी डिजिटल सहीच्या मागे लागतात. ते नंतर. २०१४ मध्ये मिशिगन विद्यापीठाच्या संशोधकांनी तिथल्या रस्तेखात्याच्या परवानगीने जवळपास शंभर चौकांचे जाळे तपासले. रेडिओवरचा मजकूर उघडा होता, पासवर्ड कारखान्यातून आलेलेच होते आणि दिवे चालवणाऱ्या कंट्रोलरचे डीबग पोर्टही खुले होते.

तेव्हा आधी पेटीचे कुलूप बदला. अमेरिकेत असंख्य पेट्या एकाच नमुन्याच्या किल्लीने उघडतात. मग रेडिओ आणि कंट्रोलरचे पासवर्ड बदला, डीबग पोर्ट बंद करा, फर्मवेअर ताजे करा. चौक ते नियंत्रण कक्ष हा दुवा एनक्रिप्ट करा.

पेटीतल्या कॉन्फ्लिक्ट मॉनिटरला हात लावू नका. एकमेकांना छेदणाऱ्या वाटांना एकाच वेळी हिरवा पडू लागला तर तो सगळे दिवे लाल लुकलुकते करतो. मात्र हल्लेखोर मुद्दाम ती वेळ आणू शकतो, आणि मग तंत्रज्ञाला चौकात जाऊनच सिग्नल पूर्ववत करावा लागतो. त्या फेरीची सोय आधीच करून ठेवा.

आता सह्या. गाडी आपली जागा आणि वेग सेकंदाला साधारण दहादा सांगते. हे संदेश एनक्रिप्ट करायचे नाहीत, कारण ते आजूबाजूच्या प्रत्येकाला वाचता आले पाहिजेत. फक्त सही तपासायची. चौकातल्या रेडिओची खासगी किल्ली सुरक्षित चिपमध्ये ठेवा. घड्याळ उपग्रहाच्या वेळेशी जुळवा, नाहीतर जुना संदेश कोणी पुन्हा पाठवला तरी कळणार नाही आणि खरे संदेश मात्र फेटाळले जातील. एकाच गाडीचे सहीसोबतचे सर्टिफिकेट सतत बदलताना दिसले तर दचकू नका. कोणाचा माग काढता येऊ नये म्हणून ती मुद्दाम केलेली रचना आहे.

खरी मेहनत यापुढे आहे. सहीमुळे गाडी नोंदलेली आहे एवढेच कळते. ती खरे सांगते याची हमी मिळत नाही. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने गाड्यांच्या संदेशांवरून सिग्नलच्या वेळा ठरवणाऱ्या, अमेरिकी वाहतूक खात्याच्या आय-सिग प्रणालीत हेच दाखवले. आपण दूरवर थांबलो आहोत असे एका गाडीने खोटेच सांगितले, की तिच्यापुढे बिनरेडिओच्या गाड्यांची रांग असणार असे प्रणाली धरून चालते. नसलेल्या रांगेला हिरवा मिळत राहतो. त्या कोंडीत २२ टक्के गाड्यांना अर्ध्या मिनिटाच्या वाटेला सात मिनिटांहून जास्त लागले.

म्हणून रेडिओवर ऐकलेली रांग रस्त्याखालच्या, गाडी ओळखणाऱ्या लूपशी किंवा कॅमेऱ्याशी ताडून पाहा. एकट्या गाडीच्या सांगण्यावरून हिरवा किती लांबेल याला कमाल मर्यादा घाला. रेडिओ आणि लूप किंवा कॅमेरा यांचा मेळ बसेना तर कंट्रोलरने रेडिओ बाजूला ठेवून ठरावीक वेळापत्रकावर जावे, अशी जोडणी करा. हा बदल रहदारी कमी असताना, गाडी रस्त्यावर उभी करून, प्रत्यक्ष करून पाहा.