दौरा संपल्यावर



नाताळापूर्वी आपला गायनवृंद सीताबर्डीत घरोघरी कॅरल गात फिरतो. किल्ल्याच्या पायथ्याशी असलेल्या बाजारातील गर्दीतून वाट काढत, गिटार व ढोलक सांभाळत ही फेरी चालते. शेवटच्या रात्री घसे बसलेले असतात, पण उत्साह तसाच असतो. केक कापला जातो, फोटो निघतात आणि सगळे घरी जातात.

एका वर्षी त्या रात्री फाटक लावताना तीन मुले तेथेच रेंगाळलेली आम्हाला दिसली. शिक्षणासाठी बाहेरगावाहून आलेली, खोली करून राहणारी ही मुले. त्यांची मेस बंद झाली होती. इतक्या घरांपुढे ती गायली, पण आज कोठे जेवणार हे त्यांना कोणीच विचारले नव्हते. आम्हीही नाही. तेव्हापासून एका दूरच्या गायनवृंदाच्या दौऱ्याचा शेवटचा दिवस आम्हाला वारंवार आठवतो.

1939 साली 'व्हिएन्ना मोझार्ट बॉइज क्वायर' हा मुलांचा गायनवृंद जगाच्या दौऱ्यावर होता. मुले सुमारे वीस, आणि त्यांचे संचालक डॉ. गेऑर्ग ग्रूबर. ऑस्ट्रेलियात गावोगावी गाऊन ती पश्चिम किनाऱ्यावरील पर्थ शहरात पोहोचली. तेथून जहाजाने घरी परतायचे होते. त्याच सुमारास, 3 सप्टेंबर रोजी, ब्रिटन व ऑस्ट्रेलिया जर्मनीविरुद्ध युद्धात उतरले. ऑस्ट्रिया 1938 सालीच जर्मनीत सामील करून घेण्यात आला होता. त्यामुळे काल टाळ्या घेणारी मुले आज शत्रुराष्ट्राची नागरिक ठरली. दौरा संपला, पण घरी जाण्याची वाट बंद झाली.

मेलबर्नचे आर्चबिशप डॅनियल मॅनिक्स यांनी त्यांना आधार दिला. मुलांनी सेंट पॅट्रिक कॅथेड्रलमध्ये उपासनेच्या वेळी गावे, एवढी त्यांची अट होती. तेथील कॅथलिक कुटुंबांनी मुलांना आपापल्या घरी ठेवून घेतले. 1941 साली ग्रूबर यांना नाझी असल्याच्या संशयावरून स्थानबद्ध करण्यात आले, तरी मुलांचा आसरा सुटला नाही. युद्ध संपल्यावर त्यांच्यातील अनेकांनी ऑस्ट्रेलियालाच आपले घर मानले. त्यांच्यापैकी एक, स्टीफन हाग, पुढे तेथील ऑपेराचे नामवंत दिग्दर्शक झाले.

कोणी म्हणेल, हा तर व्यवहार झाला: आर्चबिशपांना गायक मिळाले, मुलांना छप्पर मिळाले. हे खरेच आहे. पण आम्हाला त्या अटीत मुलांचा मान दिसतो. दयेवर जगणारी पोरकी पोरे म्हणून नव्हे, तर उपासनेचे सेवक म्हणून ती त्या चर्चमध्ये उभी राहिली. आपल्याकडे उलट घडते. आपण सेवा घेतो आणि घर द्यायला विसरतो.

ग्रीक तत्त्वज्ञानात 'तेलोस' असा एक शब्द आहे. त्याचे दोन अर्थ होतात: शेवट आणि हेतू. एखादी गोष्ट कशासाठी होती, हे तिच्या शेवटाकडे पाहून कळते. दौऱ्याचा हेतू टाळ्या असेल, तर शेवटच्या कार्यक्रमानंतर काहीच उरत नाही. हेतू देवाची स्तुती असेल, तर गाणे मंचावरून वेदीजवळ येते आणि गाणारा कोणाच्या तरी घरी पोहोचतो.

द्वितीय व्हॅटिकन महासभेने 1963 सालच्या उपासनाविषयक दस्तऐवजात गायनवृंदाचे काम ही खरीखुरी उपासना-सेवा आहे असे सांगितले. गायनवृंद असला तरी सर्व भाविकांनी आपला वाटा गाऊन उचलावा, असेही तेथे सांगितले आहे. म्हणजे आपण श्रोते नव्हे. गाणाऱ्यांचे आणि आपले नाते एकाच कुटुंबाचे आहे.

स्तोत्र 137 मध्ये बाबेलच्या नद्यांकाठी बसलेले बंदिवान आपल्या वीणा झाडांना टांगून ठेवतात. परक्या भूमीत प्रभूचे गीत कसे गावे, हा त्यांचा प्रश्न आहे. परमुलखात आलेल्या गायकाला आपलेपण मिळाले, तर टांगलेली वीणा पुन्हा खाली उतरते. मेलबर्नच्या कुटुंबांनी आपले दार उघडून तेच केले.

त्या रात्री आम्ही तिन्ही मुलांना आमच्याबरोबर जेवायला बसवले. साधा वरणभात होता. पण हे एकट्या धर्मगुरूचे काम नाही, साऱ्या धर्मग्रामाचे आहे.

चिंतनासाठी:
1. आपल्या गायनवृंदातील किती जणांची घरे नागपूरबाहेर आहेत, हे आपल्याला ठाऊक आहे का?
2. मिस्सामध्ये आपण गातो, की केवळ ऐकतो?
3. यंदा कॅरल-फेरीच्या शेवटच्या रात्री आपल्या घरी एक ताट जास्त वाढता येईल का?

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर कृपया गायनवृंदाच्या प्रमुखांकडे नोंदवा. प्रभू आपणा सर्वांना आशीर्वादित करो.