सेवेतून शिकणारे विद्यार्थी



राष्ट्रीय सेवा योजना, म्हणजे तुमचे एन.एस.एस., २४ सप्टेंबर १९६९ रोजी, गांधीजींच्या जन्मशताब्दी वर्षात सुरू झाले. सुरुवातीला ३७ विद्यापीठे आणि सुमारे ४० हजार विद्यार्थी होते. वर्षाला १२० तास, दोन वर्षांत २४० तास आणि सात दिवसांचे एक शिबिर, हा तिचा नियम अनेक पालकांनाही आठवत असेल. आता २०२० च्या शैक्षणिक धोरणानंतर समाजातील कामाला अभ्यासक्रमातच गुण मिळू लागले आहेत. हे चांगलेच आहे. पण तासांची वही भरली म्हणजे सेवा झाली, असा समज होऊ लागला आहे. झाडू घेऊन फोटो काढायला दहा मिनिटे पुरतात. त्या रस्त्यावर राहणाऱ्या माणसांची नावे मात्र चार वर्षांतही कळत नाहीत.

विद्यार्थ्यांनी सेवा कशी करावी आणि त्यातून काय शिकावे, याचा एक जुना धडा आपल्या ख्रिस्तसभेजवळ आहे. फ्रेडरिक ओझानाम हा पॅरिसच्या सॉर्बोन विद्यापीठात कायद्याचा विद्यार्थी होता. १८३२ मध्ये पॅरिसमध्ये पटकीची भयंकर साथ येऊन गेली होती. गरीब वस्त्यांचे हाल विचारू नका. ओझानाम आणि त्याचे मित्र एका चर्चामंडळात धर्माची बाजू हिरिरीने मांडत असत. तेथे विरोधी मताच्या एका विद्यार्थ्याने विचारले की, तुमच्या धर्माने पूर्वी पुष्कळ केले असेल, पण आज तुम्ही काय करता? प्रश्न झोंबला, कारण तो खरा होता. २३ एप्रिल १८३३ रोजी, ओझानामच्या विसाव्या वाढदिवशी, हे मोजके विद्यार्थी एमानुएल बायी या वडीलधाऱ्या वृत्तपत्रचालकाच्या कचेरीत जमले आणि संत व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीचा जन्म झाला.

गरिबांना भेटायचे कसे, हे त्यांना ठाऊक नव्हते. ते मुफ्तार वस्तीत काम करणाऱ्या सिस्टर रोझाली रांदू यांच्याकडे गेले. सिस्टरांनी त्यांना कुटुंबांचे पत्ते दिले, पाव आणि मांसाच्या चिठ्ठ्या दिल्या आणि गरिबांशी वागावे कसे तेही शिकवले. प्रभू येशूने शिष्यांना दोघे-दोघे पाठवले (मार्क ६:७), तशी दोघांनी मिळून घरी भेट द्यायची ही सोसायटीची रीत आहे. दर आठवड्याला बैठक भरे. कोणाच्या घरी काय दिसले, पुढे काय करायचे, हे तेथे बोलले जाई. शेवटी सर्वांपुढून टोपी फिरे आणि ज्याला जे जमेल ते तो गुपचूप टाकी.

ओझानामच्या वाट्याला आलेले पहिले कुटुंब एका कष्टकरी बाईचे होते. नवरा दारुडा, तो तिची कमाई हिसकावून घेई आणि मारहाण करी. पाव देऊन हा प्रश्न सुटणार नव्हता. चरित्रकार सांगतात की, ओझानामने कागदपत्रे तपासली तेव्हा त्यांचे लग्न कायद्याने झालेलेच नव्हते असे निघाले. मग मित्रांनी वर्गणी काढून त्या बाईला तिच्या माहेरच्या मुलखात, ब्रिटनीला, पोहोचवले. कायद्याच्या विद्यार्थ्याला कायदा कशासाठी असतो, हे त्या खोलीत कळले.

नेतृत्वाविषयीही एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. वर्ष-दीड वर्षात सभासद शंभरावर गेले. गट विभागावा की नाही यावर कडाक्याचा वाद झाला, कारण मित्रांपासून दूर होणे कोणालाच नको होते. ओझानाम विभागणीच्या बाजूने उभा राहिला. गट विभागला म्हणूनच काम वाढले. तरीही संस्थेचे सर्वोच्च अध्यक्षपद त्याने कधी घेतले नाही. पहिले अध्यक्ष बायी झाले. (आपल्याकडे मंडळ स्थापन होण्याआधी अध्यक्ष ठरतो!) पुढे प्राध्यापक, पती आणि पिता झाल्यावरही ओझानामने गरिबांच्या घरी जाणे सोडले नाही. १८५३ मध्ये, अवघ्या चाळिसाव्या वर्षी, तो देवाघरी गेला. पोप जॉन पॉल दुसरे यांनी २२ ऑगस्ट १९९७ रोजी पॅरिसमध्ये, जागतिक युवा दिनाच्या वेळी, त्याला धन्यवादित घोषित केले. सिस्टर रोझाली २००३ मध्ये धन्यवादित झाल्या.

त्या पहिल्या गटात एकही मुलगी नव्हती, तो काळच तसा होता. आपल्याकडे मुलीच आधी पुढे येतील असे वाटते. मुलांनीही लाजू नये.

आता आपल्या गावाकडे पाहा. एकटी राहणारी एखादी आजी निवृत्तिवेतनासाठी नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायला बँकेत कशी जाते? संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज तहसील कचेरीतून का परत आला? वाणिज्य शाखेच्या मुलाला हे वाचता येते, नर्सिंगच्या मुलीला आजीच्या गोळ्यांच्या वेळा कळतात. पहिल्या भेटीत काही नेऊ नका, नुसते बसा. चहा दिला तर घ्या. नाही म्हटल्याने त्या घराचा मान कमी होतो. फोटो काढू नका. आजीच्या घरची गोष्ट बैठकीबाहेर कोणाला सांगू नका, अगदी आईलाही नाही.

महिन्यातून दोनदा, दोघांनी मिळून, एकच घर, निदान वर्षभर, एवढे ज्यांना जमेल त्यांनी रविवारच्या दुसऱ्या मिस्सानंतर आपल्या व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीच्या सभासदांना भेटावे. सोसायटीतील बहुतेकांनी साठी ओलांडली आहे, आणि दोन जिने चढून जावे लागते अशी काही घरे त्यांच्याकडून आताशा राहून जातात.