चिंचोके आणि अंकांची ओळख

कात्रज येथे आम्ही एका विद्यार्थ्याच्या घरी गेलो असता, त्याच्या चार वर्षांच्या बहिणीने पन्नासपर्यंत अंक न अडखळता म्हणून दाखविले. आईबापांस धन्यता वाटली. ओसरीवर चिंचोके वाळत पडले होते. आम्ही म्हटले, "बाळ, सात चिंचोके दे पाहू." तिने मूठभर दिले; मोजले तो अकरा भरले.

अंक पाठ होणे व संख्या कळणे या भिन्न गोष्टी होत. मोजताना उच्चारलेला शेवटचा अंक हीच साऱ्या समूहाची संख्या, हे पाठांतराने उमगत नाही. वस्तू हाताळून उमगते. १९४५ साली बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणास आरंभ करणाऱ्या ताराबाई मोडक यांनी महाग साधनांऐवजी भोवतालच्याच वस्तू वापरल्या, त्या काही केवळ काटकसरीसाठी नव्हेत.

विद्यार्थिमित्रांनो, धाकट्या भावंडांशी हा डाव खेळून पाहा. खडूने एका ओळीत दहा घरे आखून त्यांत १ ते १० अंक लिहा. एक चिंचोका फोडून त्याच्या दोन फाका फेका. जितक्या पांढऱ्या बाजू वर पडतील, तितकी घरे सोंगटी पुढे न्यावी. एकही न पडल्यास पुन्हा फेकावे. (चिंचोका तोंडात जाणार नाही, इकडे मोठ्यांनी लक्ष द्यावे.) मर्म पुढेच आहे. सोंगटी तिसऱ्या घरात असता दोन पडले, तर 'एक, दोन' न म्हणता, घराघरावर ती टेकवीत 'चार, पाच' म्हणावे.

अमेरिकेत गीता रमाणी व रॉबर्ट सीग्लर यांनी २००८ साली गरीब घरच्या बालकांस अशाच पटावर खेळविले. एकूण तासाभराच्या खेळाने त्यांचे अंकज्ञान वाढले व नऊ आठवड्यांनंतरही टिकले. अंकांऐवजी रंगांच्या घरांवर खेळलेल्यांस तो लाभ झाला नाही. दिल्लीतील २१४ बालवर्गांतील प्रयोग २०१७ साली प्रसिद्ध झाला. तेथे ठिपक्यांचे समूह पाहून अधिक-उणे ओळखण्याचे खेळ होते. मुलांची ती जाण वर्षभरानंतरही टिकली. शालेय गणितात मात्र टिकाऊ वाढ दिसली नाही. कोणताही खेळ आपोआप गणित शिकवितो, हे आम्हांस म्हणूनच मान्य नाही. अंकाचा उच्चार व त्याचे चिन्ह खेळात हवेच.

कात्रजची ती मुलगी आमच्याशी तीन डाव खेळली. तिसऱ्यात सोंगटी सहाव्या घरात असता दोन पडले. तिने 'एक' म्हटले, थांबली, घरातील अंकाकडे पाहिले, आणि म्हणाली, "सात, आठ."